दिपोटी, पंतोजी आणि शेरेबुक

आमच्या राहात्याच्या बाजूची जुनी माणसे बोलताना अजून 'दिपोटी' हा शब्द वापरतात. शाळा तपासायला येणारा साहेब म्हणजे दिपोटी. मूळ शब्द 'डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर'. त्यातली मागची दोन पदे गावाने टाकून दिली आणि पहिले पद जिभेला सोयीचे करून घेतले. दिपोटी यायचा म्हटले की शाळा सारवायची, भिंतीवरचा नकाशा झटकायचा, ढोरांमागे गेलेली पोरे बांधावरून बोलावून आणायची आणि हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवायचे. साहेब दोन तास थांबत, पाढे म्हणून घेत, शेरेबुकात चार ओळी लिहीत आणि पुढच्या गावाची वाट धरत. शाळेत मुले खरोखर शिकतात की नाही, ह्याची सरकारदरबारी नोंद असे ती त्या चार ओळींत.

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहितात तो बहुधा संस्थांचा आणि संस्थापकांचा. शाळा कोणत्या साली निघाली, जागा कोणी दिली, कोनशिला कोणी बसवली, हे सगळे सापडते. वर्गात काय चालत होते, मास्तर कसे शिकवत, ते चांगले शिकवतात हे कोणी ठरवले आणि ते अधिक चांगले व्हावे म्हणून काय करून पाहिले, ह्याचा शोध मात्र फारसा कोणी घेत नाही. मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. जुने अहवाल, गॅझेटियर आणि कैफियती वाचण्याची खोड लागली, त्यातून हा विषय हाताशी आला. नगर जिल्ह्याचा ह्या गोष्टीशी जेवढा संबंध आहे, तेवढा जिल्ह्यातल्या लोकांनाही ठाऊक नसतो, म्हणून हा लेख.

सुरुवात पेशवाई बुडाल्यानंतरच्या दहा वर्षांपासून करायला हवी. १८१८ मध्ये दख्खन इंग्रजांच्या हाती आले आणि पुढच्या वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. इथे शाळा आहेत का, असल्या तर किती, हा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांना पडला. गव्हर्नरच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट ह्यांनी १८२१ मध्ये लिहून ठेवले की आपल्या मुलखात शाळा नाही असे गाव क्वचितच असेल. हे वाक्य पुढे शंभर वर्षे भाषणांत फिरत राहिले. पण त्याच दशकात कलेक्टरांकडून जी मोजणी मागवली, ती १८२९ च्या सुमाराला पुरी झाली आणि तिच्यात सरकारी व गावठी मिळून १,७०५ शाळा व सुमारे ३५ हजार मुले भरली. लोकसंख्या धरली होती सुमारे ४७ लाख. म्हणजे दर एकशे तीस-पस्तीस माणसांमागे एक मूल शाळेत, आणि तेही जवळजवळ सगळे मुलगेच. कौन्सिलातल्या साहेबाचे वाक्य आणि ही मोजणी ह्यांचा मेळ बसत नाही. मोजणीतही उणिवा होत्या. घरच्या घरी शिकणारी मुले अशा गणतीतून सुटतात, ह्याकडे रा. वि. परुळेकर ह्यांनी पुढे लक्ष वेधले. ह्या सर्वेक्षणाची कागदपत्रे १९५१ मध्ये त्यांनीच छापून काढली, म्हणून ती माझ्यासारख्याला वाचायला मिळाली.

ह्या शाळा कशा होत्या? कोणाच्या ओसरीवर, देवळात किंवा धर्मशाळेत पंतोजी बसे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मग मोडी, मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात उजळणी म्हणायची. वर्ग नव्हते. प्रत्येक मूल आपापल्या जागी होते आणि पुढे गेलेला मुलगा मागच्याला सांगत असे. पंतोजीचे पोट मुलांच्या घरून येणाऱ्या शिध्यावर आणि सणासुदीच्या दक्षिणेवर चाले. महार-मांगांच्या मुलांना त्या ओसरीची पायरी चढता येत नव्हती. ह्या शाळेचे गोडवे गाताना ही शेवटची गोष्ट विसरली जाते, आणि तिला नावे ठेवताना हे विसरले जाते की हिशेबात तिथून निघालेला पोरगा कुळकर्ण्याला फसू देत नसे.

१८२३ मध्ये मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने एक समिती नेमली. गावठी शाळांत काय कमी आहे, हे तिने शोधायचे होते. तिने चार उणिवा काढल्या: छापील पुस्तके नाहीत, शिकवण्याची सोपी पद्धत नाही, तयार मास्तर नाहीत आणि पैसा नाही. मराठी मुलखातल्या शाळा सुधारण्याविषयीचे हे मला सापडलेले पहिले संशोधन. मंडळीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे पेशाने इंजिनिअर. त्यांनी कामही इंजिनिअरच्या पद्धतीने केले. शास्त्री-पंडित जमवून मराठीत गणिताची पुस्तके करवली, सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या, आणि चोवीस मास्तर तयार करून १८२६ मध्ये त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले. त्यांत काही गुजराती शाळांसाठी होते. 'पंतोजी' हा शब्द तोच राहिला. आतला माणूस मात्र आता सरकारी पगाराचा आणि छापील पुस्तकाचा झाला.

त्यांना शिकवलेली पद्धत लँकेस्टरची म्हणून ओळखली जाई. एका मास्तरने शेकडो मुलांना शिकवायचे, त्यासाठी मोठ्या मुलांना 'मॉनिटर' करून छोट्या तुकड्या त्यांच्या हाती द्यायच्या. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने ती चालवली, पण तिचा दुसरा जनक अँड्र्यू बेल. तो मद्रासच्या लष्करी अनाथालयात होता. तिथे त्याने मलबारी मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना आणि थोरल्याने धाकट्याला शिकवताना पाहिले, तेच अनाथालयात चालवले आणि विलायतेत परत गेल्यावर १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. तीस वर्षांनी हीच गोष्ट इंग्रजी नाव घेऊन मुंबईमार्गे दख्खनच्या पंतोजीला 'सुधारणा' म्हणून शिकवली गेली. त्या चोवीस जणांपैकी कोणाच्या मनात आले असेल का, की हे तर आमच्या ओसरीवर रोजच चालते? त्यांच्यापैकी कोणी काही लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही.

पुढे १८४५ मध्ये मुंबईत मास्तर घडवण्यासाठी 'नॉर्मल क्लास' निघाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. वर्षभरात ते वारले. त्यांच्या जागी आले ते मराठी व्याकरणाचे कर्ते दादोबा पांडुरंग. आता ह्या दादोबांचे पुढे काय झाले पाहा. काही वर्षे मास्तर घडवल्यावर ते डेप्युटी कलेक्टर झाले आणि आमच्या नगर जिल्ह्यात आले. इथल्या भिल्लांचे बंड मोडल्याबद्दल त्यांना रावबहादुरी मिळाली. ज्याने मराठीचे व्याकरण बसवले आणि मास्तरांना शिकवले, त्याला बढती मिळाली ती शाळेतून बाहेर नेणारी, आणि मान मिळाला तो बंड मोडण्याचा. चांगला शिक्षक सापडला की त्याला वर्गातून उचलून कचेरीत बसवायचे, ही रीत तेव्हापासूनची दिसते. आजही उत्तम शिकवणारा गुरुजी विस्तार अधिकारी होतो, आणि त्याच्या वर्गात नवा माणूस कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही.

ह्याच काळात नगर शहरात वेगळेच काही चालू होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. मुंबईत १८२७ पासून मुलींच्या शाळा पाहणाऱ्या सिंथिया फरार ह्या १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर परगण्यातली ही अविवाहित बाई चौतीस-पस्तीस वर्षे मराठी मुलखात मुलींना शिकवत राहिली. धर्मप्रसार हा तिच्या येण्याचा हेतू होता, हे झाकण्यात अर्थ नाही. पण शाळा चालवण्याची तिची रीत पाहण्याजोगी होती, आणि ती पाहायला १८४८ मध्ये पुण्याहून जोतीराव फुले आले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते, त्यांच्यामुळे हा योग आला. मुलींची शाळा चालते कशी, हे जोतीरावांनी इथे डोळ्यांनी पाहिले आणि त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात शाळा उघडली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण नगरला मिस फरार ह्यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल ह्यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये झाले, असे चरित्रकार सांगतात.

शाळा काढण्याआधी चालती शाळा पाहून येणे, शिकवण्याआधी शिकवायला शिकणे, ह्या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी आहेत. १८४८ मध्ये त्या साध्या नव्हत्या. सरकारी मराठी शाळांतले बरेचसे मास्तर तेव्हा कोणत्याही तयारीवाचून वर्गात उभे राहत होते. फुल्यांच्या शाळांच्या परीक्षा चारचौघांसमोर होत. मुली काय शिकल्या हे पाहायला पुण्यातले लोक गर्दी करत, विरोधकही येऊन बसत.

पण मुलींचे शिक्षण किती खोल गेले, ह्याचा सगळ्यात भक्कम पुरावा परीक्षेच्या निकालात नाही. तो 'ज्ञानोदया'च्या १८५५ च्या अंकांत आहे. हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले आणि नंतर मुंबईला गेले. त्यात फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापला गेला. मुक्ता तेव्हा चौदा वर्षांची होती. फुल्यांच्या शाळेत तिची तीन वर्षे झाली होती. आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने त्या निबंधात थेट विचारला आहे. तीन वर्षांच्या शाळेने काय केले ह्याचे मोजमाप करायला बसलो, तर कुठली फूटपट्टी लावणार? वाचन, लेखन, शुद्धलेखन, सारे काही त्यात आहेच. शिवाय मुलगी स्वतःच्या बुद्धीने विचार करून, न घाबरता, तर्काने मांडते आहे. ह्या रकान्याला शेरेबुकात जागा नव्हती.

सरकारी शिक्षणखाते १८५५ मध्ये उभे राहिले. आदल्या वर्षीच्या वुडच्या खलित्यातून ते आले. इन्स्पेक्टर, डेप्युटी इन्स्पेक्टर ही उतरंड लागली आणि दिपोटी घोड्यावरून गावोगाव फिरू लागला. १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना मिळू लागला. म्हणजे शाळेचा खर्च कुणबी देऊ लागला. त्याचा पोरगा त्या शाळेत किती दिवस टिकत होता, हा प्रश्न पुढे फुल्यांनी विचारला.

त्याच सुमाराला विलायतेहून एक नवी कल्पना आली. तिकडे रॉबर्ट लो ह्याने १८६२ मध्ये नियम केला की शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर द्यायचे. जितकी मुले वाचन, लेखन, गणितात उतरतील तितका पैसा. मुंबई इलाख्यात खासगी शाळांच्या अनुदानाला १८६५-६६ पासून हेच तत्त्व लागू झाले. वरून पाहता ह्यात गैर काही दिसत नाही. शिकवाल तर पैसे, नाही तर नाही. प्रत्यक्षात मास्तरने काय करावे? जी मुले नक्की पास होणार त्यांच्यावर वेळ घालवण्यात फायदा नाही, जी नक्की नापास होणार त्यांच्यावरही नाही. मधल्यांना घोकून घ्यायचे. परीक्षेत विचारत नाहीत ते शिकवायचे नाही. विलायतेत मुले पुस्तक उलटे धरूनही धडा म्हणतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. इथे घोकंपट्टीची परंपरा आधीच भक्कम होती, तिला आता सरकारी पैशाचे पाठबळ मिळाले. लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात ही पद्धत बंद केली. तोवर ती चाळीसएक वर्षे चालली होती. शाळा सुधारण्याच्या आपल्या इतिहासातला हा सगळ्यात लांब प्रयोग, आणि माझ्या मते सगळ्यात महाग.

हा प्रयोग ऐन भरात असताना, १८८२ मध्ये, विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याच्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन दिले. सक्तीच्या शिक्षणाची मागणी म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि किमान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा असे त्यांत आहेच. पण सबंध निवेदन वाचले तर लक्षात येते की वर्गातल्या शिकवण्यावर इतक्या बारकाईने त्या काळात फार थोड्यांनी लिहिले. फुले आधी सांगतात की आपण मुलींच्या आणि महार-मांगांच्या शाळांत बरीच वर्षे प्रत्यक्ष काम केले आहे. मग ते मास्तरापासून सुरुवात करतात. ट्रेनिंग घेतलेले मास्तर थोडे, बाकीचे बिनतयारीचे. पगार दहा रुपयांच्या वर क्वचित जातो. तो बारांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. मास्तर होता होईतो शेतकरी वर्गातून घ्यावा, ज्याला गरज पडली तर नांगराची मूठ धरण्याची किंवा सुताराचा वाकस चालवण्याची लाज वाटणार नाही आणि जो खालच्या थरातल्या लोकांत मिसळेल. मास्तरला गावात वजन यावे म्हणून त्याच्याकडे गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल, स्टँपविक्री अशी कामे द्यावीत. अभ्यासक्रमात मोडी-बालबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीची व आरोग्याची ओळख हवी.

आणि मग ते दिपोटीकडे वळतात. डेप्युटी वर्षातून एकदा येतो, त्याचा काही उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी एकदा तपासणी हवी, आणि मधूनमधून न कळवता. मामलेदार-पाटलांच्या तपासणीवर विसंबू नये, त्यांना वेळ नसतो आणि ते वरवर पाहतात. न कळवता, हा शब्द कोणा साहेबाला सुचणे अवघड होते. शाळा सारवून ठेवली जाते, हे ज्याने आतून पाहिले त्यालाच तो सुचतो.

ज्या मास्तरची मुले अधिक पास होतील त्याला पगाराव्यतिरिक्त काही भत्ता द्यावा, असेही फुल्यांनी सुचवले आहे. म्हणजे निकालावर पैसा ह्या कल्पनेचे आकर्षण त्यांनाही होते. पण त्यांच्या मांडणीत आधी पुरेसा पगार येतो आणि वर बक्षीस. अनुदानाच्या नियमात निकाल हाच पाया होता. हा फरक लहान नाही. पगाराविषयीचे म्हणणे आणि गावात मास्तरला वजन देण्याचे म्हणणे आयोगाने किती मनावर घेतले, ते पुढच्या पन्नास वर्षांतल्या प्राथमिक शिक्षकांच्या हालांवरून दिसतेच. टपालखाते मात्र फुल्यांच्या सूचनेप्रमाणे खेड्यांतल्या कित्येक मास्तरांच्या गळ्यात पडले.

पुढची चाळीस वर्षे सक्तीच्या मागणीत गेली. बडोद्यात सयाजीरावांनी ती आणली, गोखल्यांचे १९११ चे विधेयक पडले, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू केले, मुंबई इलाख्याचा कायदा १९१८ चा. हा भाग सर्वांना माहीत आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२९. त्या वर्षी फिलिप हार्टोग ह्यांच्या समितीने एक आकडा पुढे ठेवला. १९२२-२३ मध्ये पहिलीत शंभर मुले असतील, तर १९२५-२६ मध्ये त्यांतली अठराच चौथीत पोचली होती. बाकीची कुठे गेली? काही शाळा सोडून गेली, त्याला 'गळती' नाव मिळाले. काही त्याच वर्गात बसून राहिली, त्याला 'स्थगिती'. हे दोन शब्द तेव्हापासून शिक्षणखात्याच्या भाषेत मुरले. हार्टोग समितीचा निष्कर्ष असा, की शाळा वाढवू नका, आहेत त्या नीट करा. ऐकायला शहाणपणाचे. पण परुळेकरांनी ह्याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे, ज्या देशात बहुतेकांनी शाळाच पाहिली नाही, तिथे दर्जाच्या नावाखाली विस्तार थांबवणे म्हणजे उरलेल्यांना बाहेर ठेवणे. शंभरातली अठरा उरतात हा दोष मुलांचा, मास्तरांचा की शाळेच्या वेळापत्रकाचा, हेही पाहायला हवे. एका इमारतीत दोन पाळ्या चालवून, सुरुवातीच्या वर्गांचे तास कमी करून अधिक मुलांना घेता येईल, असे त्यांनी मांडले. पाळ्यांच्या शाळेत शिकलेले माझ्या पिढीतले लोक तिच्याविषयी फार प्रेमाने बोलत नाहीत, पण त्या नसत्या तर त्यांतले निम्मे शाळेत गेलेच नसते.

परुळेकरांच्या बरोबरीने ह्या वादात उतरलेले जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. १९०७ चा जन्म. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन) काढली, ती पुढे १९७६ मध्ये पुण्याला आली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते होते. शाळा ह्या विषयावर मराठी माणसाने केलेले सर्वांत पद्धतशीर संशोधन कोणाचे, असे विचारले तर मी त्यांचे नाव घेईन. त्यांनी १९५० च्या दशकात एकशिक्षकी शाळेवर एक छोटे पुस्तक लिहिले. एक गुरुजी, चार वर्ग, एक खोली ही आपल्या खेड्यांतली सर्रास स्थिती. तज्ज्ञ तिच्याकडे उणीव म्हणून पाहत होते. नाईकांनी असा प्रश्न घेतला की ती राहणारच असेल, तर तिच्यात चांगले शिकवता येईल ते कसे. एका वर्गाला तोंडी काम, दुसऱ्याला लेखी, तिसऱ्याला मोठ्या मुलाच्या हाताखाली, ही वाटणी आजही वाडीवस्तीवरचा गुरुजी करतो. त्याला कोणी बेल किंवा लँकेस्टर सांगितलेला नसतो. अशा शाळेत मुख्याध्यापक, कारकून, शिपाई आणि शिक्षक एकच असतात, त्यामुळे 'शालेय नेतृत्व' ह्या विषयावरची व्याख्याने ऐकताना त्याला काय वाटत असेल, ह्याची कल्पना करावी.

१९६६ हे साल तर दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षीच्या जूनअखेर कोठारी आयोगाने आपला अहवाल दिला. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत जेम्स कोलमन ह्यांचा अहवाल आला. सहा लाखांवर मुलांची पाहणी करून कोलमन ह्यांनी दाखवले की मुलाच्या यशात शाळेच्या साधनांपेक्षा घरची परिस्थिती कितीतरी अधिक बोलते. तिकडे ह्यावर मोठा गदारोळ झाला. मग शाळेने काही फरक पडतच नाही का, हे शोधायला पुढची पिढी लागली आणि काही संशोधकांनी गरीब वस्तीतल्या, तरी चांगले शिकवणाऱ्या शाळा शोधून काढल्या. तिथे मुख्याध्यापक वर्गातल्या शिकण्याकडे स्वतः लक्ष देतो, असे त्यांना आढळले. कोठारी आयोगाची ह्या संदर्भातली सूचना 'शाळा-समूहा'ची होती. एक माध्यमिक शाळा, तिच्याभोवतीच्या तीन-चार उच्च प्राथमिक आणि दहा-वीस प्राथमिक शाळा, ह्यांनी एकमेकांना धरून राहायचे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, अनुभवी शिक्षक वाटून घ्यायचे. दूरच्या साहेबाच्या वार्षिक भेटीऐवजी जवळच्या सहकाऱ्याची सोबत, हा त्यामागचा विचार.

महाराष्ट्रात ह्या विचाराचे रूप १९९० च्या दशकात आले ते केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ह्यांच्या रूपाने. दहाएक शाळांमागे एक केंद्रप्रमुख, महिन्याला शिक्षण परिषद, त्यात एकाने पाठ घ्यायचा आणि इतरांनी पाहायचा. १९८६ च्या धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. आपल्या जिल्ह्याची संगमनेरला आहे. योजना कागदावर उत्तम आहे आणि काही ठिकाणी ती जिवंतही झाली. साताऱ्याच्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे ह्यांनी शिक्षकांना घेऊन जे उभे केले, ते पाहायला राज्यभरातून गुरुजींच्या गाड्या गेल्या. वर्गाच्या जमिनीवर रंगवलेल्या आकृत्यांचे फोटो सगळ्यांनी काढून आणले आणि आपापल्या शाळेच्या फरश्या रंगवल्या. कुमठ्यात शिक्षक आठवड्यामागून आठवडे एकत्र बसून काय बोलत होते, ते फोटोत येत नाही. इतर ठिकाणी केंद्रप्रमुखाचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. पोषण आहार, गणवेश, आधार, पटसंख्या. दिपोटीकडे निदान शेरेबुक होते, ह्याच्याकडे मोबाइलवरचे तक्ते आहेत.

२००५ पासून 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी सुरू झाली, तिची एक गोष्ट मला आवडते. ती मुलाला शाळेत नव्हे, घरी गाठते आणि दुसरीच्या पातळीचा एक परिच्छेद वाचायला देते. अंगणात बसलेल्या मुलाला कोणी आधी धुतलेले कपडे घालून ठेवलेले नसते. फुल्यांचे 'न कळवता' एकशे तेवीस वर्षांनी असे अमलात आले. अहवाल आला की आकड्यांवर वाद झडतात, ते झडोत. एक परिच्छेद मूल कसे वाचते ह्यावरून त्याच्या सगळ्या शिकण्याचा अंदाज बांधता येणार नाही, हेही खरे. मुक्ता साळवेच्या निबंधाजवळ हे मोजमाप पोचत नाही.

आता आमच्या भागाकडे येतो. प्रवरेच्या कालव्याने हा मुलूख उसाचा झाला. लोणीला १९५० च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याच्या मागोमाग शाळा-कॉलेजे आली. बागायतदारांची मुले शिकली. पण दिवाळी झाली की ह्याच कारखान्यांच्या आवारांत पाथर्डी, जामखेड, आष्टी, पाटोद्याकडून ऊसतोडीचे कोयते येतात. त्यांच्याबरोबर मुले येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. त्यांचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते, मूल इथल्या फडात असते. साखरशाळा झाल्या, गावी हंगामी वसतिगृहे झाली, शिक्षण हमी पत्रक आले. ह्या सगळ्यांचा काही मुलांना उपयोग झाला, हे मी पाहिले आहे. तरीही वर्षाचे पाच-सहा महिने हे मूल कोणत्या शाळेचे, हा प्रश्न उरतोच. गावच्या गुरुजीचा निकाल त्याने बिघडतो, इथल्या गुरुजीच्या निकालात ते येत नाही. त्यामुळे शिकण्याचे मोजमाप कितीही काटेकोर केले तरी ह्या मुलाला कोणी आपले म्हणून मोजत नाही. १८८२ च्या निवेदनात फुल्यांनी लिहिले होते की गरीब वर्गांची मुले शाळेत येतात, पण गरिबीमुळे टिकत नाहीत आणि एखादे काम मिळाले की निघून जातात.

ह्या मुलांचा इतिहास कुठे शोधायचा, ह्याचे एक साधन प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटात आहे. ते म्हणजे जनरल रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, मग प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि सर्वांत शेवटी शाळा सोडल्याचे कारण. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही रजिस्टरे राज्यभर कपाटांतून बाहेर निघाली. मोडी वाचणारे शोधून आणले, पाने उलटली, फोटो काढले. एवढ्या प्रमाणावर शाळांची जुनी कागदपत्रे पूर्वी कधी वाचली गेल्याचे मला आठवत नाही. सगळ्यांची बोटे जातीच्या रकान्यावर थांबली, त्यासाठीच ती आली होती. शेवटच्या रकान्यात गुरुजीने स्वतःच्या अक्षरात काय लिहिले आहे, सतत गैरहजर, परगावी गेला, पालकाच्या अर्जावरून, ते तिथेच राहिले. ते गावोगाव, सालोसाल उतरवून घ्यावे आणि दुष्काळाच्या वर्षांशी, कालव्याच्या पाण्याशी, कारखान्यांच्या हंगामाशी लावून पाहावे, अशी माझी इच्छा आहे. ह्या दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातल्या शाळांकडे त्यासाठी परवानगीचे अर्ज करणार आहे. ज्यांना मोडी येते आणि सवड आहे त्यांनी हाताशी यावे. पुष्कळ रजिस्टरांचा कागद आता हातात धरला की तुटतो.